उपासाचे काप

सूर्यभानरावांनी केळी आणली ती पिकायला लागलेली. पुरती पिवळी नव्हेत, पण हिरवीही म्हणता येणार नाहीत अशी. विजयमालानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं एक दाबून पाहिलं. अंगठा आत गेला आणि सकाळी सकाळी तिचं डोकं फिरलं. कालपासून ती या माणसाला बजावत होती की दगडासारखी कडक, हिरवीगार, पिकवायला घालायच्या आधीची केळी पाहिजेत. वसमतकडून गाड्या येतात, त्या जिथं उतरतात तिथंच जायचं, दुसरीकडं कुठं नाही. सूर्यभानराव मान हलवत राहिले. आणि गेले कुठं, तर कोपऱ्यावरच्या गाड्यावर, कारण तिथं मोटारसायकलवरून खाली न उतरता केळी घेता येतात.

यांचे काप तळायला घेतले तर तेलात पडल्या पडल्या काळे होतील आणि ताटात माना टाकतील, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. केळ ते केळ, तळल्यावर सगळं एकच, असं म्हणून ते पेपर उघडायला लागले. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण खात्यात असताना जिभेवर बसलेलं 'चालतंय की' अजून कामावर हजर होतं. गळका पाइप, सैल झालेली कडी, आंबलेली भाजी, कच्च्याऐवजी पिकलेली केळी, सगळं चालतंय की.

"परत जा," विजयमाला म्हणाली. "हिरवी मिळाल्याबिगर घरी यायचं न्हाई."

आवाजातली धार ओळखून त्यांनी पेपर खाली ठेवला, पिकायला लागलेली फणी ओट्याच्या कोपऱ्यात ढकलली आणि गाडीला किक मारून निघून गेले. ती फणी परत न्यावी, बदलून आणावी, एवढं काही त्यांना सुचलं नाही.

एरवी विजयमालानं हे सगळं एकटीनं उरकलं असतं आणि नवऱ्याला पेपर वाचू दिला असता. पण पंधरवड्यामागं न्हाणीत तिचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि आता कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर होतं. डाव्या हातानं जमतंय का म्हणून काल तिनं किसणीवर एक बटाटा घासून पाहिला होता. बटाट्यापेक्षा बोटाचं साल जास्त निघालं. शेजारच्या कस्तुराबाई दारात येऊन म्हणाल्या की मी देते तळून, त्यात काय एवढं. त्यांना तिनं नको म्हणून सांगितलं. आजचे काप शेजारणीच्या हातचे चालणार नव्हते. ते याच घरातले, याच कढईतले असायला पाहिजे होते, मग हात नवऱ्याचे का असेनात.

कारण आज शिवरात्र होती आणि सेलूहून तिची थोरली जाऊ, धुरपदाबाई, येणार होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भांडण झालं त्या साली शिवरात्र सोमवारी आली होती. धुरपदाबाईंनी लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नासाठी सोळा सोमवार धरले होते आणि ते संपत आले होते. सगळं घर परभणीला जमलं होतं. आधी पारदेश्वराचं दर्शन, मग विजयमालाकडं फराळ, ही रीतच पडून गेली होती. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि केळीचे काप. पोरं त्यांना वेफर म्हणायची आणि डबेच्या डबे फस्त करायची. धुरपदाबाईंनी काप खाल्ले, बोटं पदराला पुसली, आणि पदरावर पिवळा डाग उमटला. पाहतात तर कापांच्या कडांना पिवळे ठिपके. हळद. उपासाला हळद चालत नाही हे आपल्याकडं लहान पोराला ठाऊक असतं. उपास मोडला, आणि उपास मोडला म्हणजे सोळा सोमवार पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण धुरपदाबाईंनी विचारलं की हळद कशी पडली, आणि विजयमालानं सांगितलं की मी टाकली नाही. तिनं खरंच टाकली नव्हती. पण घर तिचं, कढई तिची, हात तिचा. मग हळद काय वाऱ्यानं आली? चूक झाली म्हण, मी पुन्हा उपास धरते, असं धुरपदाबाई चारचौघांत दोनदा म्हणाल्या. विजयमाला दोन्ही वेळा तेच म्हणाली, मी टाकली न्हाई. तेव्हा त्यांनी तोंडाला पाणी लावलं आणि उठल्या. "चुकीचं काय न्हाई गं," त्या जाता जाता म्हणाल्या, "पर खोटं कामून बोलायलीस?"

पुढं महिनाभरात राजनंदिनीचं जुळत आलेलं लग्न मोडलं. त्याचं खापरही त्या पिवळ्या ठिपक्यांवर फुटलं. वर्षभरानं पोरीचं चांगल्या ठिकाणी झालं, पण तोवर दोन घरांत बोलणं उरलं नव्हतं. राजनंदिनी कॉलेजची सगळी वर्षं विजयमालाच्या घरी राहिलेली, तिच्या हातून वेणी घालून घेतल्याशिवाय पेपरला न गेलेली पोर. तिच्या हळदीच्या दिवशी विजयमाला मांडवात मागच्या खुर्चीवर बसून होती. हळद लावायला मावश्यांना हाक गेली, आत्यांना गेली, सेलूच्या शेजारणींनासुद्धा गेली. तिला कुणी हाक मारली नाही. तिनं रुमाल काढून तोंड पुसलं आणि मांडवात फार उकडतंय असं शेजारच्या बाईला सांगितलं.

आळ खोटा असला तरी माणूस तो किती दिवस खोटा मानणार? हळूहळू तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. त्या दिवशी मध्येच नळ आला होता, ती धावत पाणी भरायला गेली होती, ओलीचिंब होऊन परत आली तर लाइट गेलेली. त्या घाईत तिनं वाटीतलं मीठ चिमटीनं कापांवर टाकलं आणि डबा भरला. अंधारात आपलीच चिमूट चुकून मसाल्याच्या डब्यात गेली असेल का? ती रात्र रात्र आठवत बसायची आणि काही हाती लागायचं नाही. त्या सालापासून उपासाच्या दिवशी ती मसाल्याचा डबा स्वयंपाकघरात ठेवतच नसे. तो लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली जाऊन बसायचा. तिच्या चांगल्या साड्यांना जिऱ्याचा वास यायचा तो त्यामुळं.

आणि सूर्यभानराव? ते त्या दिवशी भावाबरोबर, किशनरावांबरोबर, दुसऱ्यांदा देवळात गेले होते. परत आले तोवर वहिनी निघून गेलेली आणि बायको भिंतीला टेकून रडत असलेली. ती सांगायला लागली तसा त्यांनी तळहात वर केला. बायकांच्या भांडणात मी पडत न्हाई, ते म्हणाले, आणि टीव्ही लावला. हे त्यांचं तत्त्व होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पुढं कधीही तो विषय निघाला की तळहात वर. किशनरावांचंही तेच. दोघे भाऊ वर्षानुवर्षं बाजारात भेटायचे, चहा प्यायचे, कापसाच्या भावावर बोलायचे, आणि आपल्या बायका का बोलत नाहीत हे एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. असल्या माणसांना लोक शांत स्वभावाचे म्हणतात.

शेवटी राजनंदिनीनंच मध्ये पडून जमवलं. तिचा फोन आला. आई शिवरात्रीला पारदेश्वराला येतेय काकू, तुझ्याकडं थांबेल, मी तिला कबूल करवलंय, तू तुझे ते काप कर. खाईल की नाही माहीत नाही, ती म्हणाली, पण येईल. विजयमालानं फोन ठेवला. उपासाच्या दिवशी धुरपदाबाईंनी या घरातला एक काप तोंडात घातला की संपलं. माफी नको, बोलणं नको, काही नको. एक काप.

म्हणून काल तिनं कढई चिंच लावून घासून घेतली होती, घाण्यावरून शेंगदाण्याचं ताजं तेल मागवलं होतं, झारासुद्धा उकळत्या पाण्यात बुडवला होता. हळद नावाची वस्तू कढईच्या वाऱ्याला उभी राहणार नाही अशी सगळी व्यवस्था केली होती. व्यवस्थेत एकच भोक होतं आणि ते आता हिरवी केळी घेऊन दारात गाडी लावत होतं.

या खेपेला केळी बरोबर होती. पण सोलायची कशी हे सूर्यभानरावांना माहीत नव्हतं. हाताला आधी तेल लावा, चीक लागेल, असं ती सांगत होती तोवर त्यांनी साल ओढायला घेतली, साल निघाली नाही, नखात चीक बसला, आणि तोच हात त्यांनी शर्टाला पुसला. चिकाचा डाग जन्मात निघत नाही. शर्ट नवा होता. विजयमालानं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात महादेवाचं नाव घेतलं. मग तिनं त्यांना सुरीनं शिरा कशा कापायच्या, सालीत बोट घालून ती कशी उचलायची, सोललेलं केळ मिठाच्या पाण्यात कसं टाकायचं हे दाखवलं, म्हणजे तोंडानं सांगितलं. हातानं दाखवता येणारी गोष्ट तोंडानं सांगायला लागणं यासारखा ताप नाही. तिच्या प्लास्टरमधली बोटं आपोआप हलत होती आणि मनगटातून कळ निघत होती.

काप थेट कढईवर किसणी धरून तेलात पाडायचे, ती म्हणाली. सूर्यभानराव तेलाला भ्याले. त्यांनी ताटात सगळे काप पाडून घेतले, एकावर एक, आणि गठ्ठाच तेलात सोडला. तेल वर आलं, ते मागं सरकले, काप एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली. वडी बाहेरून लाल आणि आतून कच्ची. ती बाजूला काढली. दुसऱ्या घाण्याला तेल पुरतं तापलं नव्हतं, ते काप तेल पिऊन फुगले. तिसऱ्या घाण्याला गॅस मोठा ठेवून ते फोन बघायला गेले. धूर झाला, ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं.

"तुमचं लक्ष कुठं हाय?"

लक्ष फोनवर होतं. फोनमध्ये कुणीतरी दक्षिणेतली बाई काप तळत होती आणि तिचे काप पिवळेधमक होते. यावरून सूर्यभानरावांना तिरुपती आठवलं. ते विजयमालाला ठाऊकच होतं. लग्नानंतर एकदा ते खात्यातल्या माणसांबरोबर तिरुपतीला गेले होते आणि वाटेत कुठल्याशा स्टेशनवर त्यांनी पिवळे काप खाल्ले होते. त्या कापांचं कौतुक त्या घरानं इतकी वर्षं ऐकलं होतं. आपले काप पांढरे फटक, आजारी माणसासारखे, आणि तिकडचे काप बघ, सोन्याच्या मोहरा. दर शिवरात्रीला ते एकदा तरी हे म्हणायचे. आजही म्हणाले. विजयमालानं गॅस बारीक करायला लावला, तेल निवू दिलं आणि चौथा घाणा स्वतः कढईशी उभी राहून पाडून घेतला. एक हात वर, पातळ काप, एकेक सुटा. आता झारा फिरवा. आता बुडबुडे कमी होईस्तोवर थांबा. आता काढा.

चौथा घाणा झाला. झाऱ्यावर काप आपटले तर टिकटिक वाजले. तिनं एक उचलून उजेडात धरला, पातळ, कोरडा, कडेला थोडा वळलेला. तिला इतका आनंद झाला की तिनं नवऱ्याला शाबास म्हटलं. सूर्यभानराव फुशारले. हेच तर मी म्हणत होतो, ते म्हणाले, जरी ते काहीच म्हणत नव्हते.

अजून तीन-चार घाणे व्हायचे होते आणि तेवढ्यात कस्तुराबाई भिंतीवरून ओरडल्या की नळ आलाय. त्या गल्लीत नळ रोज येत नाही आणि आला की फार वेळ थांबत नाही. हौदात पाइप सोडायचा, मोटार लावायची, पिंप भरायचं, हे सूर्यभानरावांवर सोपवलं तर पाणी रस्त्यानं जातं हा अनुभव होता. कढई सोपवायची की नळ? तिनं क्षणभर दोन्हीकडं पाहिलं. काप आता त्यांच्या हातात बसले होते. आहे तसंच चालू ठेवा, ती म्हणाली, काढले की वरून या वाटीतलं मीठ टाका, दुसरं काही करू नका. त्यांनी मान हलवली. ती डाव्या हातानं पाइप ओढत अंगणात गेली.

पिंप भरत आलं तेव्हा फाटकाशी ऑटो थांबला. धुरपदाबाई उतरल्या. मधल्या काळात केस पुरते पांढरे झाले होते, पायही दुखत असावेत, कारण उतरताना त्यांनी ऑटोची दांडी घट्ट धरली. विजयमालानं पाइप पिंपात तसाच सोडला आणि वाकून पाया पडली. प्लास्टर जमिनीला लागलं. धुरपदाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं, हाताला काय झालं विचारलं. उन्हाचा चटका बसायला लागला होता. विजयमाला त्यांना आत घेऊन आली, पाणी दिलं, पंखा लावला. धुरपदाबाईंनी पाणी घेतलं. देवळात लय गर्दी होती, त्या म्हणाल्या. हो, आज असणारच, ही म्हणाली. स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता, शेंगदाण्याच्या तेलाचा, खमंग, चांगला. धुरपदाबाईंनी त्या दिशेनं एकदा पाहिलं. आता आत जाऊन बशी भरून आणायची आणि पुढं ठेवायची, एवढंच राहिलं होतं.

ती उठायच्या आत सूर्यभानराव स्वतःच ताट घेऊन बाहेर आले. ताट शिगोशिग भरलेलं होतं आणि त्यातले काप पिवळेधमक होते.

विजयमालाला आधी वाटलं की उन्हातून आल्यानं डोळ्यांपुढं पिवळं दिसतंय. मग तिला हळदीचा वास आला.

धुरपदाबाईंनी ताटाकडं पाहिलं. मग जावेकडं पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावर नुसता थकवा होता, इतक्या लांबून उगाच आले असा.

"अजून बी, विजू?" त्या म्हणाल्या.

विजयमालाला बोलायचं होतं. पण काय? मी टाकली न्हाई, हेच पुन्हा म्हणायचं? तेच वाक्य, तीच जाऊ, तेच पिवळे काप. तिला वाटलं आपण आता इथंच खाली बसू आणि परत उठणार नाही.

"खाऊन तर बघा, वहिनी," सूर्यभानराव म्हणाले. ते फार खुशीत होते. "हळद-मिठाचं पाणी मारलंय उकळत्या तेलात. तिकडं असंच करतेत. हिला मी कवाचा सांगायलोय, ही ऐकतच न्हाई. आज तर डबाच लपवून ठेवला हिनं. मग मी देवघरातली घेतली."

समोरचा माणूस गप्प झाला की त्याला अजून समजलेलं नाही, असं सूर्यभानराव धरून चालत. त्यांनी अजून समजावून सांगितलं.

"मागं एकदा, आपल्या राजनंदिनीच्या लग्नाआधी, शिवरात्रीलाच, ही अशीच नळावर गेलती. तवा मी मिठाच्या वाटीत चिमूटभर कालवून ठेवली होती. पर चिमटीनं काय होतंय? रंगच चढला न्हाई. कुणाला कळलं बी न्हाई."

पंखा फिरत होता. अंगणात पिंप भरून वाहायला लागलं होतं आणि पाणी फरशीवरून रस्त्याला चाललं होतं, पण ते बंद करायला कुणी उठलं नाही.

या क्षणाची विजयमालानं किती वेळा कल्पना केली होती. कुणीतरी येईल, म्हणेल की हिनं नव्हती टाकली, आणि छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. उलट तिला असा राग आला की कानशिलं तापली. अंधारात कुठं गेली होती चिमूट म्हणून जागून काढलेल्या रात्री, साड्यांना येणारा जिऱ्याचा वास, मांडवातली ती मागची खुर्ची. आणि हा माणूस एवढा सगळा वेळ तिच्या शेजारी बसून टीव्ही बघत होता. त्याच्या मुठीत होतं सगळं. त्यानं एकदा, फक्त एकदा विचारलं असतं की काय झालं, तर एका मिनिटाचं काम होतं.

"राजनंदिनीच्या हळदीला," ती म्हणाली, "मला कुणी हाक मारली न्हाई."

ती नवऱ्याला म्हणाली की जावेला, हे सांगता आलं नसतं. धुरपदाबाईंनी मान खाली घातली. सूर्यभानराव या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिले. हातातलं ताट कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

"हळदीचं काय आता मधीच? झालं काय?"

"आज विचारायलाव," विजयमाला म्हणाली.

बायकांचं काहीतरी बिनसलंय एवढं त्यांच्या ध्यानात आलं आणि सवयीनं त्यांचा मोकळा तळहात वर गेला. ह्यात मी पडत न्हाई, असं ते म्हणणार तोच धुरपदाबाई उठल्या. त्यांनी दिराच्या हातातलं ताट घेतलं, टीपॉयवर ठेवलं आणि खुर्चीकडं बोट केलं.

"तुमीच पडलाव की ह्यात, भावजी. बसा तिथं."

आणि मग त्यांनी त्यांना सगळं सांगितलं. पदरावरच्या डागापासून सुरुवात करून, सोळा सोमवार, मोडलेलं लग्न, तोंडाला पाणी लावून उठणं, मांडव, एकही गोष्ट गाळली नाही. विजयमालाला काय काय बोलल्या होत्या तेही तसंच्या तसं सांगितलं, स्वतःला सांभाळून न घेता. सूर्यभानराव ऐकत राहिले. त्यांचा तळहात गुडघ्यावर पडून होता. मधे एकदा, चिमूटभरच होती, असं ते पुटपुटले, पण त्यात काही जीव नव्हता.

बोलणं संपलं तसं धुरपदाबाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. विजयमाला मागोमाग गेली. ओट्यावर सगळा पसारा. कढईतलं तेल पिवळं झालेलं, झारा पिवळा, मिठाची वाटी पिवळी, देवघरातला हळदीचा करंडा गॅसच्या शेजारी उघडा पडलेला. चौथ्या घाण्याचे ते टिकटिक वाजणारे पांढरे काप सूर्यभानरावांनी पुन्हा तेलात टाकून पिवळे करून घेतले होते, शोभेत कमी पडू नयेत म्हणून. हिरवं केळ एकही उरलं नव्हतं. विजयमालाला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिला नुसतं कुणाच्या तरी डोक्यात झारा घालावासा वाटला.

कोपऱ्यात सकाळची ती पहिली फणी होती. धड ना कच्ची, धड ना पिकलेली. धुरपदाबाईंनी तिच्यातलं एक केळ मोडून घेतलं, सोललं, मधोमध तोडलं. अर्धं जावेच्या डाव्या हातात दिलं आणि अर्धं आपल्या तोंडात घातलं.

"तुरट हाय," त्या म्हणाल्या.

"सकाळीच म्हनले होते मी ह्यांला."

दोघी ओट्याशी उभ्या राहून चावत राहिल्या. तुरटपणानं जीभ जड होत होती, घोट लवकर उतरत नव्हता. मग धुरपदाबाई बोलल्या, जावेकडं न बघता, केळ्याची साल घडी करत.

"तू म्हनली होतीस, मी टाकली न्हाई म्हून."

"म्हनले होते."

"दोनदा म्हनली होतीस."

"हं."

याच्या पलीकडं त्या काही बोलल्या नाहीत आणि विजयमालानंही काही मागितलं नाही. राग गेला नव्हता. तो अजून कानशिलांत ठणकत होता आणि तो बराच काळ ठणकणार आहे हे तिला कळत होतं, जावेवरचा थोडा आणि बाहेर बसलेल्या माणसावरचा पुष्कळ. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. कुर्र. मग थोडा वेळ शांतता. मग पुन्हा कुर्र, जरा दबकत. ताटातले काप जवळ होते आणि सूर्यभानरावांना उपास नव्हताच.

धुरपदाबाईंनी तोंडाला पदर लावला. विजयमाला मात्र हसली नाही. ती दारात गेली.

"सगळं ताट संपवायचं," ती म्हणाली. "एक बी काप उरता कामा नये. आनि आधी उठून तो नळ बंद करा."

सूर्यभानराव ताट घेऊनच उठले, काहीही न विचारता. ती परत ओट्याशी आली, डाव्या हातानं फणीतलं दुसरं केळ कसंबसं मोडलं आणि धुरपदाबाईंपुढं धरलं. एका हातानं तिला सोलता येत नव्हतं.